दारावरची पारख

वंशभेद हा अमेरिकेचा आजार आहे, आपल्याकडच्या कॉफीगृहांत आणि मॉलमध्ये फक्त पैसा बघितला जातो आणि पैशाला जात नसते, हा विचार ठाणे, कल्याण आणि डोंबिवलीच्या सुशिक्षित मध्यमवर्गात इतका रुळलेला आहे की तो तपासून पाहण्याची गरज फारशी कुणाला वाटत नाही. त्याला सहसा आणखी दोन विधाने जोडली जातात. दुकान ही मालकाची खासगी मालमत्ता असल्यामुळे आत कुणाला घ्यायचे हे ठरवण्याचा अधिकार त्याचाच आहे, असे एकीकडे सांगितले जाते; आणि चुकून कुणाचा अपमान झालाच तर कंपनी माफी मागते, संबंधित कर्मचाऱ्याला घरी पाठवते, यापलीकडे तिने काय करावे, असे दुसरीकडे विचारले जाते. यांपैकी कोणतेही विधान टिकत नाही. त्यातही अखेरच्या विधानातली चूक सर्वांत घातक आहे, कारण ते न्यायाची भाषा बोलते आणि अन्यायाचा खरा कर्ता मात्र नजरेआड करते.

ज्या घटनेमुळे हा विषय जगभर चर्चेत आला ती अमेरिकेतील फिलाडेल्फिया शहरातली आहे. १२ एप्रिल २०१८ रोजी स्टारबक्सच्या एका दुकानात व्यावसायिक भेटीसाठी थांबलेल्या दोन कृष्णवर्णीय तरुणांनी अजून काही विकत घेतले नव्हते. त्यांच्यापैकी एकाला स्वच्छतागृह वापरू दिले गेले नाही, दोघांना निघून जाण्यास सांगितले गेले, आणि ते भेटीची वाट पाहत बसून राहिले म्हणून व्यवस्थापिकेने पोलीस बोलावले. पोलिसांनी त्यांना बेड्या घालून नेले. कंपनीच्या मुख्याधिकाऱ्याने माफी मागितली, २९ मे रोजी अमेरिकेतील आठ हजारांहून अधिक दुकाने दुपारपासून बंद ठेवून सुमारे पावणेदोन लाख कर्मचाऱ्यांना पूर्वग्रहाविषयी प्रशिक्षण दिले, आणि खरेदी न करणाऱ्यालाही दुकानात बसता येईल असा नियम जाहीर केला. या प्रतिसादाचे मराठी वर्तमानपत्रांतही कौतुक झाले. मात्र जानेवारी २०२५ मध्ये त्याच कंपनीने उत्तर अमेरिकेतील दुकानांसाठी नवी आचारसंहिता लागू करून बसण्याची जागा आणि स्वच्छतागृह पुन्हा केवळ ग्राहकांपुरते राखून ठेवले, ही पुढची गोष्ट त्या कौतुकाच्या मानाने फार थोड्यांच्या ध्यानात राहिली. जो नियम कंपनी स्वेच्छेने देते तो ती स्वेच्छेने परतही घेऊ शकते.

भारतात असे घडत नाही हा दावा घटनाच खोटा ठरवतात. मार्च २०२०च्या अखेरीस, टाळेबंदीच्या पहिल्याच आठवड्यात, म्हैसूरमधील एका साखळी किराणा दालनात नागालँडच्या दोन तरुणांना ते भारतीय दिसत नाहीत म्हणून आत घेण्याचे नाकारले गेले. माणसाच्या चेहऱ्याच्या ठेवणीवरून त्याचे मूळ ठरवायचे आणि त्या मुळावरून त्याला वागणूक द्यायची, यालाच वंशभेद म्हणतात, आणि या घटनेत तो कोणत्याही आडपडद्याशिवाय दिसतो. दिल्लीत जानेवारी २०१४ मध्ये अरुणाचलच्या निडो तानिया या तरुणाचा मृत्यू झाला, त्याची सुरुवातही एका दुकानात त्याच्या केसांवरून झालेल्या चेष्टेतून झाली होती. त्यानंतर नेमलेल्या बेझबरुआ समितीने त्याच वर्षी अहवाल देऊन वांशिक अवमानासाठी दंड संहितेत नवी कलमे घालावीत असे सुचवले. ती कलमे त्या संहितेत कधी आलीच नाहीत, आणि आता ती संहिताही बदलली.

तथापि भारतीय दुकानातील भेदभाव बहुतेक वेळा इतका उघड नसतो, आणि त्याच्या चतुराईचे मर्म इथेच आहे. जात किंवा धर्म विचारण्याची आवश्यकता दारावर पडत नाही, कारण कपडे, चप्पल, बोलण्याचा हेल, हातातली पिशवी, केसांना लावलेले तेल आणि कातडीचा रंग या खुणा एकत्र वाचून माणूस कुठल्या वस्तीतून आला असावा याचा अंदाज क्षणात बांधला जातो. या खुणावाचनाला इथे पारख म्हटले आहे. जानेवारी २०१५ मध्ये पुण्याच्या जंगली महाराज रस्त्यावरील मॅकडोनाल्ड्सच्या दुकानात एका स्त्रीने रस्त्यावरच्या मुलासाठी पेय घेण्याकरिता त्याला रांगेत उभे केले असता त्याला बाहेर काढण्यात आले. २०१७ मध्ये पुण्याच्याच विमाननगर भागातील एका मॉलच्या दारात एका पारलिंगी स्त्रीला अडवले गेले. जुलै २०२४ मध्ये बंगळुरूच्या एका मॉलमध्ये मुलासोबत चित्रपट पाहायला आलेल्या वृद्ध शेतकऱ्याला धोतर नेसले आहे म्हणून थांबवले गेले. त्या शेतकऱ्याच्या मुलाजवळ चित्रपटाची तिकिटे होती आणि पुण्यातल्या मुलासाठी पैसे मोजायला एक स्त्री सोबत उभी होती. पैशाला जात नसते या म्हणण्याचा निकाल या दोन घटनांतच लागतो, कारण पैसा हजर असूनही माणूस नाकारला गेला.

ठाणे-कल्याण पट्ट्यात ही पारख समजून घेण्यासाठी गेल्या तीस वर्षांत इथल्या जमिनीचे काय झाले ते आठवावे लागते. घोडबंदर रस्त्याच्या दुतर्फा, शिळफाट्याच्या आसपास आणि कल्याणच्या खडकपाड्याकडे जी संकुले उभी राहिली, ती बव्हंशी आगरी-कोळी शेतकऱ्यांच्या भातखाचरांवर आणि आदिवासी पाड्यांच्या कडेने उभी राहिली. येऊरच्या डोंगरावर आजही पाडे आहेत. शहापूर आणि मुरबाडकडून भाजी, रानमेवा घेऊन येणाऱ्या बाया पहाटेच्या लोकलने कल्याण-ठाण्यात उतरतात आणि दुपारी याच चकचकीत इमारतींच्या सावलीला टेकतात. संकुलाच्या तळमजल्यावर वातानुकूलित कॉफीगृह असते, आत स्वच्छतागृह असते, थंड पाणी असते. अमेरिकी समाजशास्त्रज्ञ रे ओल्डनबर्ग यांनी १९८९ मध्ये ‘तिसरी जागा’ ही कल्पना मांडली: घर ही पहिली जागा, कामाचे ठिकाण ही दुसरी, आणि जिथे कुणीही जाऊन बसावे, चार माणसांत मिसळावे ती तिसरी. कॉफीच्या साखळ्यांनी आपली जाहिरात याच कल्पनेवर उभी केली. पण तिसरी जागा म्हणून जिचा गौरव होतो, तिच्या दाराशी बसलेल्या भाजीवालीला तिथले स्वच्छतागृह वापरायचा धीर होत नसेल, तर त्या न होणाऱ्या धीरालाही भेदभावाच्या हिशेबात धरले पाहिजे. दारावर वाद होत नाही, कारण ती दारापर्यंत जातच नाही. आणि वाद होत नाही म्हणून कंपनीच्या दप्तरी तक्रारीही नसतात.

जुन्या काळी सगळे एका बाकावर बसत होते असे सांगून या प्रश्नाला सोनेरी भूतकाळ जोडण्याचे कारण नाही. ठाण्यात मामलेदार कचेरीच्या आवारातील मिसळीच्या बाकांवर पक्षकार, कारकून आणि शिपाई शेजारी बसले हे खरेच आहे, आणि मुंबईच्या इराण्यांनी जात न विचारता चहा पाजला हेही खरे आहे. परंतु महाराष्ट्रातल्या गावोगावच्या हॉटेलांत अस्पृश्यांसाठी वेगळ्या कपबशा ठेवल्या जात होत्या आणि पिऊन झाल्यावर त्या त्यांनाच विसळाव्या लागत होत्या, हेही तितकेच खरे आहे. आजची दारावरची पारख परदेशातून आलेली नाही. तिचे मूळ इथल्या कपबशीत आहे.

आता खासगी मालमत्तेचा मुद्दा. ‘प्रवेशाचा हक्क राखून ठेवला आहे’ ही पाटी इतक्या ठिकाणी दिसते की तिला कायद्याचा आधार असावा असे वाटू लागते. प्रत्यक्षात भारतीय संविधानाच्या अनुच्छेद १५ च्या दुसऱ्या खंडानुसार धर्म, वंश, जात, लिंग किंवा जन्मस्थान एवढ्याच कारणावरून कोणत्याही नागरिकाला दुकाने, सार्वजनिक उपाहारगृहे, हॉटेले आणि करमणुकीची ठिकाणे यांत प्रवेश नाकारता येत नाही. मूलभूत हक्क सामान्यतः राज्यसंस्थेविरुद्ध असतात. हा हक्क मात्र थेट खासगी व्यक्तीविरुद्धही चालतो, आणि त्याच्या व्याप्तीबद्दल घटनाकारांनी संदिग्धता ठेवली नव्हती. २९ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेतील चर्चेला उत्तर देताना डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी स्पष्ट केले की इथे दुकान म्हणजे केवळ माल विकण्याची खोली नव्हे, ठरलेल्या अटींवर कुणालाही सेवा देण्याची तयारी ठेवणारा प्रत्येक व्यवसाय त्यात येतो. सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये याच स्पष्टीकरणाचा आधार घेऊन खासगी शिक्षणसंस्थाही या तरतुदीच्या कक्षेत आणल्या. ज्या तरतुदीत महाविद्यालय बसते तिच्यातून कॉफीगृह सुटते असे म्हणणाऱ्याने तरतूद वाचलेली नाही. दंगा करणाऱ्याला किंवा दारू पिऊन आलेल्याला अडवण्याचा मालकाचा अधिकार कुणी नाकारलेला नाही, पण तो अधिकार वागणुकीवर चालतो, जन्मावर नव्हे.

या कायद्याच्या भिंतीला भेगा आहेत हे मान्य केले पाहिजे, कारण कंपन्या त्याच भेगांतून निसटतात. अनुच्छेदातील कारणे ‘केवळ’ या शब्दाने बांधलेली आहेत आणि त्यांत पोशाख नाही, भाषा नाही, गरिबी नाही. म्हणून धोतराला अडवणारा आपण जातीला अडवले नाही असे सांगू शकतो. १९५५ चा अस्पृश्यता गुन्हे कायदा, ज्याला १९७६ च्या दुरुस्तीनंतर नागरी हक्क संरक्षण कायदा म्हणतात, दुकानात प्रवेश आणि भांड्यांचा वापर नाकारणाऱ्याला एक ते सहा महिन्यांची कैद सांगतो, पण तो अस्पृश्यतेच्या कारणापुरता मर्यादित आहे. नागा तरुणाला तो उपयोगी पडत नाही. ग्राहक संरक्षण कायदा मोबदला देऊन वस्तू किंवा सेवा घेणाऱ्याला ग्राहक म्हणतो, म्हणजे ज्याला दारातच परत पाठवले तो ग्राहक ठरण्याआधीच हद्दपार झालेला असतो. सर्व प्रकारच्या भेदभावाविरुद्ध एक समग्र कायदा असावा यासाठी शशी थरूर यांनी लोकसभेत मांडलेले खासगी विधेयक कायद्यात उतरले नाही. तरीही या उणिवांमुळे मालकाला हक्क मिळतो असा अर्थ निघत नाही. त्यांच्यामुळे पीडिताला दाद मागणे कठीण होते, एवढाच अर्थ निघतो.

कंपन्यांच्या प्रतिसादाकडे पाहिले तर त्यात एक ठरावीक क्रम आढळतो. चित्रफीत पसरते, कंपनी आपण कोणताही भेदभाव मानत नाही असे पत्रक काढते, चौकशी जाहीर होते, दारावरच्या रक्षकावर किंवा गल्ल्यावरच्या कर्मचाऱ्यावर कारवाई होते, आणि कधी अपमानित व्यक्तीला शाल-श्रीफळ देऊन छायाचित्र काढले जाते. बंगळुरूच्या मॉलने शेवटी त्या शेतकऱ्याचा सत्कारच केला. या सगळ्यात एक प्रश्न कुणी विचारत नाही: रक्षकाला ही पारख शिकवली कुणी? ठाणे किंवा डोंबिवलीच्या मॉलच्या दारावर उभा असलेला माणूस बहुतेकदा त्या मॉलचा नोकर नसतो; तो एखाद्या सुरक्षा एजन्सीचा कंत्राटी कामगार असतो, बारा तास उभा राहतो, आणि आतल्या एका कॉफीची किंमत त्याच्या दिवसाच्या मजुरीचा मोठा भाग खाऊन टाकील इतकी असते. तोही बिहारमधून, मराठवाड्यातून किंवा कसाऱ्याच्या पलीकडून आलेला असतो, आणि त्या मॉलच्या दुसऱ्या दारावर त्याच्याच भावाला कुणी अडवण्याची शक्यता पुरेपूर असते. नको त्या माणसाला आत सोडले म्हणून बोलणी बसतात आणि कुणाला अडवले म्हणून सहसा बसत नाहीत, हे तो पहिल्या आठवड्यात शिकतो. लेखी आदेश नसतो म्हणून आदेशच नव्हता असे कंपनी म्हणते. पण महागड्या कॉफीबरोबर ती जे विकते त्यात सभोवती ‘आपल्यासारखीच’ माणसे असण्याची हमीही असते, आणि ती हमी दारावरच्या त्या कंत्राटी कामगाराच्या हातून पुरवली जाते. ज्याने माल पोहोचवला त्याला काढायचे आणि माल तसाच विकत राहायचे, याला प्रतिसाद म्हणता येत नाही.

जाहिरातींचेही तसेच आहे. भारतातील स्टारबक्सने मे २०२३ मध्ये पारलिंगी मुलीला तिच्या नव्या नावाने कॉफी देणारी जाहिरात केली, आणि तिच्याविरुद्ध उठलेल्या गदारोळात ती जाहिरात करणाऱ्यांचे धैर्य मान्य करावे लागेल. मात्र पडद्यावरचे स्वागत दारावर लागू करायचे असेल तर तसा नियम दारावर लिहावा लागतो. धोरण बदलण्याची क्षमता कंपन्यांत नाही असेही नाही. झोमॅटोने मार्च २०२४ मध्ये शुद्ध शाकाहारी जेवण पोहोचवणाऱ्यांसाठी हिरवा गणवेश जाहीर केला आणि टीका होताच दुसऱ्याच दिवशी तो मागे घेतला. कंपनीच्या नेहमीच्या लाल गणवेशातील माणसांना मांसाहाराशी जोडून काही सोसायट्या दारात अडवतील, ही शक्यता खुद्द कंपनीच्या प्रमुखांनी त्या वेळी मान्य केली. ज्यांना सोसायटीच्या दारावरचा भेदभाव एका दिवसात कळतो, त्यांना दुकानाच्या दारावरचा कळत नाही यावर विश्वास ठेवणे कठीण आहे. ठाण्याच्या विवियाना मॉलने दृष्टिहीन ग्राहकांसाठी खास सोयी उभारल्या, म्हणजे मनात आले की प्रवेशाचा विचार बांधकामापासून करता येतो.

माफीनामा आणि अंमल यांतला फरक महाराष्ट्राला तरी नव्याने शिकवण्याची गरज पडू नये. सीताराम केशव बोले यांनी ऑगस्ट १९२३ मध्ये मुंबई विधिमंडळात सार्वजनिक पाणवठे, धर्मशाळा, शाळा, न्यायालये आणि दवाखाने अस्पृश्यांना खुले करण्याचा ठराव मंजूर करून घेतला. महाड नगरपालिकेने जानेवारी १९२४ मध्ये त्याप्रमाणे चवदार तळे खुले केल्याचा ठराव केला, आणि त्यानंतर तीन वर्षे त्या तळ्यावर एकाही अस्पृश्याला पाणी भरता आले नाही. बोले यांना कागदाची किंमत लवकर कळली. ऑगस्ट १९२६ मध्ये त्यांनी दुसरा ठराव आणला की जी नगरपालिका पहिल्या ठरावाचा अंमल करणार नाही तिचे सरकारी अनुदान थांबवावे. २० मार्च १९२७ रोजी डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली लोक तळ्यावर गेले तेव्हा कुठे तो कागद प्रत्यक्षात उतरला, आणि ऑगस्टमध्ये नगरपालिकेने आपला ठराव मागेही घेतला. शेवटचा निकाल मुंबई उच्च न्यायालयाने १७ मार्च १९३७ रोजी दिला. ठराव करून तो मागे घेणारी महाडची नगरपालिका आणि धोरण जाहीर करून ते मागे घेणारी आजची कंपनी यांच्यात प्रवृत्तीचा फरक नाही.

याच काळात कोल्हापुरात वेगळे घडले, आणि तेही चहाच्या दुकानात. सरकारी पागेत काम करणाऱ्या गंगाराम कांबळे यांना सवर्णांच्या पाण्याला शिवल्याबद्दल मारहाण झाली, तेव्हा राजर्षी शाहू महाराजांनी मारणाऱ्यांना केवळ ताकीद देऊन विषय संपवला नाही. त्यांनी कांबळे यांना हॉटेल काढायला मदत केली, आणि ‘सत्यसुधारक’ नावाच्या त्या हॉटेलात स्वतः जाऊन चहा घेतला, बरोबरच्या मानकऱ्यांनाही घ्यायला लावला. तेवढ्यावरही ते थांबले नाहीत. सार्वजनिक इमारती, धर्मशाळा आणि पाणवठे यांवर कुणाचा विटाळ मानायचा नाही असे त्यांनी १९१९ मध्ये हुकूम काढले, आणि अंमल झाला नाही तर गावचे पाटील-तलाठी जबाबदार धरले जातील असे बजावले. जबाबदारी वरच्या खुर्चीकडे चढत जाते, तेव्हाच खालच्या माणसाची वागणूक बदलते. आजच्या पत्रकांत ही दिशा नेमकी उलटी झालेली दिसते.

इथे मराठी वाचकाचा स्वाभाविक प्रश्न येतो की मराठी माणसाच्या अपमानाचे काय. डिसेंबर २०२४ मध्ये कल्याणच्या योगीधाम भागातील एका इमारतीत धुपाच्या धुरावरून भांडण होऊन मराठी कुटुंबाला मारहाण झाली, मराठी माणसांच्या मांस-मच्छीच्या वासाबद्दल हीन भाषा वापरल्याचा आरोप झाला, आणि संशयित राज्याच्या पर्यटन विकास महामंडळाचा कर्मचारी असल्याने मुख्यमंत्र्यांनी विधिमंडळात त्याच्या निलंबनाची घोषणा केली. त्या कुटुंबाचा राग रास्त होता. अन्नाच्या वासावरून माणसाची पायरी ठरवणे हे जातीचेच जुने काम आहे, आणि ते मराठी माणसाच्या वाट्याला आले की त्याची धग मराठी माणसाला कळते. तीच धग ठाण्यातल्या मणिपुरी मुलीला तिच्या जेवणाच्या वासावरून बोलले जाते तेव्हाही कळली पाहिजे. परंतु २०२५ मध्ये मराठी बोलला नाही म्हणून वर्सोव्यात दुकानातल्या कर्मचाऱ्याला आणि पवईत सुरक्षारक्षकाला कानाखाली मारण्यात आली, त्याला मराठीचे रक्षण म्हणणे अशक्य आहे. धोरण आखणारा संचालक त्या दुकानात नसतो, गल्ल्यावरचा परप्रांतीय मुलगा असतो, म्हणून त्याला मारले जाते. कंपनी आपला दोष ज्याच्या माथी मारते, त्याच माणसाला आंदोलकही गाठतात, आणि दोन्ही वेळा वरचा मजला सुरक्षित राहतो.

मग करायचे काय, याचे उत्तर राज्याच्या अलीकडच्याच एका अनुभवात आहे. दुकानांच्या पाट्या मराठीत असाव्यात आणि देवनागरी अक्षरे इतर लिपीपेक्षा लहान नसावीत, अशी दुरुस्ती महाराष्ट्राने २०२२ मध्ये दुकाने व आस्थापना कायद्यात केली. व्यापाऱ्यांनी विरोध केला, प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले, न्यायालयाने सप्टेंबर २०२३ मध्ये दोन महिन्यांची मुदत दिली, आणि त्यानंतर निरीक्षक दुकानोदुकानी जाऊन दंड करू लागले. दारावरच्या पाटीची अक्षरे मोजण्याची यंत्रणा ज्या राज्याकडे आहे, त्याला त्याच दारावर अनुच्छेद १५ चा आशय लिहायला लावणे, प्रवेशाचा हक्क राखून ठेवल्याची पाटी उतरवायला लावणे आणि ठाणे व कल्याण-डोंबिवली महापालिकांच्या परवान्यांत तशी अट घालणे अवघड नाही. नागरी हक्क संरक्षण कायद्याच्या कलम ८ मध्ये दोषी ठरलेल्या व्यावसायिकाचा परवाना रद्द किंवा निलंबित करण्याची तरतूद आहे आणि कलम १४ कंपनी चालवणाऱ्यांनाच गुन्ह्यासाठी जबाबदार धरते. बोले यांनी १९२६ मध्ये जो मार्ग दाखवला तोच या कलमांत उतरलेला आहे. तो सर्व प्रकारच्या भेदभावाला लागू करणे एवढेच काम उरते.

यावर अखेरचा आक्षेप असा येतो की असे नियम छोट्या हॉटेलवाल्याचे कंबरडे मोडतील. हा आक्षेप मोठ्या साखळ्यांच्या सोयीचा आहे, पण छोट्या हॉटेलवाल्याशी त्याचा संबंध नाही, कारण डोंबिवली स्थानकाबाहेरच्या चहावाल्याकडे दारही नसते आणि दारावर रक्षक ठेवायला पैसाही नसतो. रक्षक नेमणाऱ्या, सुरक्षा एजन्सीशी करार करणाऱ्या आणि दारावर कॅमेरे लावणाऱ्या आस्थापनांनाच हे नियम लागू करावेत: कुणाला, कोणत्या कारणाने, कुणाच्या सांगण्यावरून परत पाठवले याची नोंद त्यांनी ठेवावी, सुरक्षा एजन्सीच्या करारात भेदभाव न करण्याची अट लिहावी, आणि नाकारलेल्या माणसाला त्या नोंदीची प्रत द्यावी. खिशातून हरवलेल्या मोबाइलसाठी कॅमेऱ्याचे चित्रण शोधून देणाऱ्या आस्थापनेला हे जड जाण्याचे कारण नाही. अशी नोंद अस्तित्वात आली की पुढच्या प्रसंगी कंपनीला एका कर्मचाऱ्याची वैयक्तिक चूक म्हणून हात झटकता येणार नाहीत, कारण त्याच दारावरून त्याआधी कोण कोण परत गेले आणि व्यवस्थापकाने त्या नोंदीखाली सही करताना काय पाहिले, हे न्यायालयापुढे ठेवता येईल.